होमस्टेच्या चादरींसाठी पर्केलचा तागा: दुकानात नेमकं काय विचारायचं?

खाडीकाठ

गुहागरच्या बाजूला सहा खोल्यांच्या होमस्टेसाठी पांढऱ्या सुती चादरी शिवून घ्यायच्या आहेत. सगळे पलंग डबल. गाद्या 72 × 78 इंच, जाडी 6 इंच. खोलीत दोन उशा, उशी 17 × 27. तयार सेट नकोत, कारण त्यातली चादर गादीखाली धड खोचता येत नाही आणि वर्षभराने तोच माल पुन्हा मिळत नाही.

एक दुकानदार पर्केल घ्या म्हणतो, दुसरा सॅटीन. थ्रेड काउंट 144 पासून थेट 1000 पर्यंत ऐकून झाले. मला हवं आहे ते असं: दमट हवेत अंगाला चिकटू नये, पावसाळ्यात वाळावी, धुऊन धुऊन दोन-तीन वर्षं तरी टिकावी. इस्त्री रोज होणार नाही. तर वीण कुठली, आकडा कुठला आणि एकूण किती मीटर? धुण्याबद्दलही सांगा, पिवळेपणा आणि कुबट वास हा इथला कायमचा त्रास आहे.

ताणाबाणा

थ्रेड काउंट आधी बाजूला ठेवा. दुकानात पहिला प्रश्न विचारायचा तो "कन्स्ट्रक्शन काय?" हा. उत्तर 40×40 / 132×72 अशा चार आकड्यांत मिळालं तर समोरच्याला माल माहीत आहे. "साहेब, एकदम प्रीमियम आहे" असं मिळालं तर पुढच्या दुकानात जा.

चार आकड्यांतले पहिले दोन सुताचा काउंट सांगतात, ताण्याचा (उभ्या धाग्यांचा) आणि बाण्याचा (आडव्या धाग्यांचा). एका पौंडात 840 यार्डांच्या जितक्या लडी बसतात तो काउंट, म्हणजे आकडा मोठा तितकं सूत बारीक. पुढचे दोन म्हणजे एका इंचात उभे धागे किती आणि आडवे किती. त्यांची बेरीज म्हणजे थ्रेड काउंट. वरच्या उदाहरणात 132 + 72 = 204, बाजारात याला '200 टीसी' म्हणतात.

पर्केल ही कापसाची जात नाही आणि ब्रँडही नाही. साधी वीण, एक धागा वर एक खाली, बारीक सूत, आणि दोन्ही मिळून इंचाला 180-200 च्या पुढे धागे, एवढाच त्याचा अर्थ. चांगल्या पर्केलला सूत कोम्ब्ड असतं, म्हणजे विंचरून आखूड तंतू काढलेलं. गंमत म्हणजे 40×40 / 132×72 हेच कापड लहान पन्ह्यात (रुंदीत) पॉपलीन म्हणून शर्टाला आणि परकराला जातं.

सॅटीनमध्ये धागा चार धाग्यांवरून मोकळा जातो आणि पाचव्याखाली शिरतो. त्या लांब मोकळ्या तुकड्यामुळे चमक येते, हाताला लोण्यासारखं लागतं. पण तोच तुकडा पायातल्या जोडवीत, नखात, सामानाच्या चेनमध्ये अडकतो आणि घासून घासून त्यावर गोळे येतात. शिवाय कापड अंगावर लपेटून बसतं, हवा कमी खेळते. थंड, कोरड्या ठिकाणी ठीक. तुमच्या हवेत आणि पर्यटकांच्या वापरात पर्केलच. त्याला चुण्या जास्त पडतात, ते स्वीकारावं लागेल.

आता 1000 टीसीची भानगड. एका इंचात एकेरी धागे बसायलाही मर्यादा असते, साधारण 400-500 च्या पुढे खरेपणाने जाणं अवघड. मग आकडा वाढतो कसा? एक, दोन पदरांचा पीळ घातलेला धागा दोन म्हणून मोजायचा. दोन, बाण्याचे तीन-चार-पाच बारीक धागे एकाच फेकीत शेजारी शेजारी टाकायचे आणि प्रत्येक वेगळा मोजायचा. कापड मोजणीच्या एएसटीएम डी 3775 या मानकात पदर कितीही असले तरी धागा एकच धरतात. म्हणून "सिंगल प्लाय (एकपदरी) आहे का, सिंगल पिक (एका फेकीत एकच धागा) आहे का" हे स्पष्ट विचारा. असल्या फुगवलेल्या कापडापेक्षा प्रामाणिक 200 जास्त टिकतं, कारण तिथे सूत जाड आणि धडधाकट असतं.

तुमच्यासाठी: 40×40, बेरीज 200 च्या आसपास, 100 टक्के कोम्ब्ड कॉटन, पन्हा 108 इंच.

शिवणटिपण

ताणाबाणांशी सहमत. आता मीटरचा हिशेब.

रुंदी: गादी 72, दोन्ही बाजूंची जाडी 12, खोचायला दोन्हीकडे 8-8, एकूण 100 इंच. लांबी: 78 + 12 + 16 = 106 इंच. यात डोक्याकडची पट्टी 3 इंच, आत मोड अर्धा, म्हणजे 3.5. पायाकडची 1 इंच, मोड अर्धा, म्हणजे 1.5. झाले 111. लांबीत 4 टक्के आटणं धरलं तर कापायची लांबी 116 इंच, वर धुताना कडा उसवतात त्याला इंच-दोन इंच. म्हणून चादरीला सरळ 3 मीटर कापा.

एका पलंगाला चार चादरी ठेवा. इतरत्र तीनात भागतं, एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. कोकणात जून ते सप्टेंबर एक नेहमी दोरीवरच असते. 6 × 4 = 24 चादरी, 72 मीटर.

अभ्रे: 17 × 27 च्या उशीला तयार अभ्रा 18 × 28, आत 6 इंच झाप. धुतलेल्या कापडातून पट्टी 19.5 इंच रुंद, 65 इंच लांब लागते (28 + 28 + 6, तोंडाच्या पट्टीला 2, झापेच्या कडेला 1). धुण्याआधी 1.75 मीटर कापलं तर पन्ह्यात पाच पट्ट्या बसतात. 48 अभ्र्यांना दहा तुकडे, 17.5 मीटर.

एकूण 89.5. चाचणीला एक मीटर वेगळं. शंभर मीटरचा तागा घेतलात तर वर दोन-तीन चादरींचं कापड उरतं, ते तसंच जपून ठेवा. एकाच ताग्यातलं कापड म्हणजे नंतर पांढऱ्याची छटा वेगळी दिसत नाही.

क्रम महत्त्वाचा: आधी 3-3 मीटरचे तुकडे, कापलेल्या कडांना ओव्हरलॉक किंवा मोठी झिगझॅग, मग धुणं, मग शिवणं. शिवून धुतलं तर पट्टी आणि चादर वेगवेगळी आटतात, पट्टीला कायमच्या चुण्या राहतात.

मशीनला 11 नंबरची नवी सुई. पर्केल इतकं दाट असतं की बोथट सुई धागा बाजूला सारत नाही, तोडते, आणि दोन-चार धुण्यांत शिवणीलगत बारीक भोकांची रांग दिसू लागते. इंचाला 10 ते 12 टाके. दोरा बारीक, वरचा ताण थोडा सैल. शिवण चुरमुडते ती बहुतेक वेळा जाड दोऱ्यामुळे, शिंप्याच्या हातामुळे नव्हे.

इलॅस्टिकवाल्या फिटेड चादरीच्या मोहात पडू नका. गरम धुण्याने आणि कडक उन्हाने सगळ्यात आधी इलॅस्टिक जातं, कापड शाबूत असताना चादर बाद होते. वाळत घालायला आणि घडी घालायला वेगळा ताप.

मुक्कामपोस्ट

एवढा खटाटोप कशाला? आपली सोलापुरी चादर आहे की. वर्षानुवर्षं फाटत नाही. नाहीतर सरळ मांजरपाट आणा, स्वस्त आणि मस्त. आणि 108 पन्ह्याला दोन्हीकडे काठ असतो, बाजूची शिलाई वाचेल ती वेगळी.

ताणाबाणा

@मुक्कामपोस्ट, तिन्हींवर थोडं थोडं.

सोलापुरी चादर हे वेगळंच प्रकरण. रंगवलेलं जाड सूत, जॅकार्डवर विणलेली नक्षी, भौगोलिक मानांकनही आहे. पांघरायला तोड नाही, आणि खोलीत पायथ्याशी घडी करून ठेवली तर दिसतेही छान. पण गादीवर रोज अंथरून रोज धुवायची म्हटलं तर पावसाळ्यात ती वाळता वाळत नाही. पांघरूण म्हणून प्रत्येक खोलीत एक ठेवा, अंथरायला नको.

मांजरपाट कोरा, न धुतलेला, जाड सुताचा. 20×20 / 60×60 धरा. धुतल्यावर चांगलाच आटतो आणि पांढराशुभ्र कधीच दिसत नाही. गादीच्या खोळीला मात्र उत्तम. गादीला मांजरपाटाची खोळ आणि वर पर्केल, अशी जोडी केली तर घाम गादीपर्यंत कमी पोचतो. खोळ शिवण्याआधी मांजरपाट दोनदा गरम पाण्यात काढा, नाहीतर पुढच्या खेपेला खोळ गादीवर चढणार नाही.

काठाचं मात्र करू नका. जुन्या धोट्याच्या मागावर बाण्याचा धागा कडेला वळून परत यायचा, तो काठ बंद असायचा. 108 इंची कापड आता धोटा नसलेल्या रुंद मागांवर निघतं. तिथे बाणा प्रत्येक फेकीला कडेशी कापला जातो. मग एक तर झालरीसारखी दशी सुटलेली असते, किंवा टोकं आत वळवून काठ जाड झालेला असतो. झालर धुण्यात उसवते. जाड काठ उरलेल्या कापडापेक्षा वेगळा आटतो आणि बाजू ओढल्यासारखी दिसते. काठाजवळ कापड ताणून धरणाऱ्या सुयांची बारीक भोकंही असतात. दोन्ही बाजूंना अर्धा इंच दोनदा दुमडून शिवाच. 108 मधले 3 टक्के आटले आणि बाजूंना दोन इंच गेले तरी 102-103 उरतात, 100 हवे होते.

जाता जाता पन्ह्याबद्दल. इचलकरंजी, भिवंडीकडे पॉपलीन, कॅम्ब्रिक मुबलक, पण बहुतेक लहान पन्ह्याचं. 108 साठी रुंद माग असलेल्यांकडे किंवा तमिळनाडूतल्या इरोड, करूरकडच्या मालाच्या व्यापाऱ्यांकडे चौकशी करा. लहान पन्ह्याचे दोन तुकडे मधोमध जोडून चादर करू नका. जोड नेमका पाठीखाली येतो.

आणि एक गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही: चौथा आकडा, म्हणजे पिक. यंत्रमागावर मजुरी पिकावर ठरते. इंचात आडवे धागे जितके जास्त तितका माग जास्त वेळ चालतो आणि मीटर कमी निघतात. त्यामुळे पैसे वाचवायचे तर पहिली कात्री पिकाला लागते. 72 सांगून 60 चं कापड हातात येतं, ताण्याचे 132 असल्यामुळे बोटांना ते दाटच लागतं. चादर खोचताना, कूस बदलताना सगळा ओढ रुंदीत, म्हणजे बाण्यावर येतो. बाणाच कमी असेल तर दीड-दोन वर्षांत चादर मधोमध उभी फाटते आणि कडा नव्यासारख्या राहतात. एखादी जुनी फाटलेली चादर पसरून बघा, चीर बहुधा लांबीतच गेलेली असते. मिळालं तर 110×90 घ्या. बेरीज तीच 200, पण बाणा भक्कम.

मोजायचं कसं? पिक ग्लास (धागे मोजायचं भिंग) असेल तर उत्तम. नसेल तर कापडावर पारदर्शक फुटपट्टी ठेवून मोबाइलवर अगदी जवळून फोटो काढा, मोठा करून एका सेंटिमीटरमधले धागे मोजा आणि 2.54 ने गुणा. 72 पिकाच्या कापडात सेंटिमीटरला 28 च्या आसपास धागे दिसायला हवेत. 24 दिसले तर ते 60 आहेत. एकाच जागी मोजू नका, तीन जागी मोजा.

मोजताना आकडा तयार कापडाचा आहे की कोऱ्या कापडाचा हेही विचारा. धुलाई-प्रक्रियेत पन्हा आवळतो, धागे जवळ येतात आणि तेच कापड इंचाला पाच-सहा टक्के जास्त दाट दिसतं.

खाडीकाठ

फार उपयोग झाला. दोन नमुने आणलेत. पहिला: 60×60 / 165×104, लेबलवर '300 टीसी पर्केल', 105 जीएसएम (चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये). दुसरा: 40×40 / 132×72, पण 140 जीएसएम. दुकानदाराचं म्हणणं दुसरा "वजनदार" म्हणून चांगला. हाताला खरंच भरीव लागतो. शिवाय तिसरा एक 'ग्लेस कॉटन' नावाचा आहे, सुरकुती पडत नाही म्हणतात.

ताणाबाणा

तिसरा आधी निकालात काढू. 'ग्लेस कॉटन' नावाखाली बहुतेक पॉलिस्टर किंवा मिश्रण विकलं जातं. कडेचे चार उभे, चार आडवे धागे काढून वेगवेगळे जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा, मागे बोटाने चुरगळणारी राख. पॉलिस्टर वितळून आक्रसतं आणि टोकाला टणक काळा मणी होतो. उभे-आडवे वेगळे जाळायचे कारण काही कापडांत ताणा सुती आणि बाणा पॉलिस्टरचा असतो.

पहिल्या नमुन्याची बेरीज करा: 165 + 104 = 269. त्याला 300 म्हणणं म्हणजे बाजाराचा उदारपणा. पण कापड खोटं नाही, हे तलम कॅम्ब्रिक. वजन पडताळायचं सूत्र सोपं आहे:

(ताणे ÷ काउंट + बाणे ÷ काउंट) × 23.25 = ग्रॅम प्रति चौरस मीटर

विणताना धागा वर-खाली वळतो त्यामुळे पाचेक टक्के वजन वाढतं, ब्लीचिंगमध्ये जवळपास तितकंच जातं, म्हणून उत्तर ढोबळमानाने तसंच धरा. पहिला: (2.75 + 1.73) × 23.25 = 104. लेबलवर 105. जुळलं.

दुसरा: (3.3 + 1.8) × 23.25 = 118.6. पाच ग्रॅम इकडेतिकडे चालेल. मग 140 मधले वरचे वीस ग्रॅम कुठून आले? दोनच शक्यता. एक तर सूत 40 नसून 34-35 च्या आसपासचं आहे, किंवा कापडात खळ आणि भरणा मारलाय. ओळखायला नमुना स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, गरम पाण्यात साबणाने धुवा, पूर्ण वाळवून पुन्हा तोला. वजन फारसं हललं नाही तर सूत जाड आहे, म्हणजे कापड वाईट नाही, फक्त सांगितलं तसं नाही. दहा-पंधरा टक्के उतरलं तर भरणा होता आणि धुतल्यावर जे हातात उरेल तेच खरं कापड. घाई असेल तर कोपऱ्यावर टिंक्चर आयोडिनचा एक थेंब टाका, निळा-काळा डाग पडला तर पिठाची खळ आहे. काळ्या कापडावर नमुना चोळून पांढरी भुकटी पडते का तेही बघा.

पावसाळ्यात खळीचं कापड म्हणजे बुरशीला निमंत्रणच, काळे ठिपके आधी तिथे पडतात. घरीही चादरींना खळ घालू नका.

दोघांत निवड? पाहुण्याला पहिल्या रात्री पहिला नमुना आवडेल. वापर आणि वारंवार धुणं बघता दुसऱ्याच्या कन्स्ट्रक्शनचं कापड घ्या, पण दुसऱ्या ठिकाणाहून, जिथे वजन 115 ते 125 भरेल. 3 मीटरची चादर तेव्हा काट्यावर किलोच्या जरा आत येते.

तागा ठरला की दुकानदाराला तुकडा फाडून द्यायला सांगा, कात्रीने नको. साध्या विणीचं कापड बाण्याच्या रेषेत फाटतं. फाटलेली कड काठाशी काटकोनात आली तर ठीक. तिरकी गेली, म्हणजे 108 इंचात तीन-चार इंचांचा फरक पडला, तर फिनिशिंगमध्ये बाणा तिरका बसलाय. कात्रीने सरळ कापून शिवलेली अशी चादर धुतल्यावर पिळल्यासारखी होते आणि चार कोपरे एकावर एक येत नाहीत.

मुक्कामपोस्ट

आणि ती हॉटेलातली पट्ट्यापट्ट्यांची?

ताणाबाणा

सॅटीन स्ट्राइप. पांढऱ्यावर पांढरे पट्टे, वीण बदलून काढलेले. दिसते रुबाबदार, आणि डाग-चुण्या साध्या पांढऱ्यापेक्षा कमी डोळ्यांत भरतात हे खरं. पण चमकणारा भाग म्हणजे लांब उड्यांची सॅटीनच, त्यामुळे वर सांगितलेलं अडकणं-घासणं आलंच. हॉटेलांसाठीच्या मालात मिश्र सूतही बरंच येतं, तेव्हा जाळून बघितल्याशिवाय घेऊ नये.

उन्हातान्हात

धुण्याचं राहिलंय, ते मी घेते.

पहिलं, शिवणटिपण यांनी डोक्याकडची पट्टी 3 इंच सांगितली. मैदानी भागात ठीक. कोकणात चादर हाताला कोरडी लागते तेव्हाही त्या दुहेरी पट्टीत दमट राहतं, घडी घालून कपाटात गेली की कुबट वास तिथूनच सुरू होतो. पट्टी दीड इंचाची करा. घडी घालण्याआधी पट्टी गालाला लावून बघायची, थंड लागली तर अजून ओली आहे.

कुबटपणाचं दुसरं कारण जास्तीची पावडर. फेस भरपूर म्हणजे स्वच्छ असं नसतं. न निघालेली पावडर आणि अंगाचं तेल धाग्यात साचतं आणि त्यावर जंतू पोसतात. पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा थोडी कमीच घाला, पाणी 60 अंश, आणि एक जादा खळबळणी. सॉफ्टनर अजिबात नको. त्याचा थर बसतो, पर्केल पाणी शोषायचं थांबतं आणि मग सुती असूनही घामट लागतं. 7 किलोच्या मशीनमध्ये या मापाच्या चारच चादरी टाका. जास्त टाकल्या की एकीच्या पोटात दुसरी गुंडाळली जाते आणि आतली कोरडीच बाहेर येते.

पिवळेपणा दोन प्रकारचा, आणि उपाय उलटसुलट.

अभ्र्यांवरचा आणि खांद्याच्या जागचा पिवळेपणा तेलाचा असतो. त्याला ब्लीच टाकून उपयोग नाही, तेल निघत नाही. गरम पाणी, धुण्याचा सोडा, तासभर भिजवणं. त्यानंतरही छटा राहिली तर ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम पर्कार्बोनेट, पाच लिटर गरम पाण्याला एक मोठा चमचा. थंड पाण्यात ते जवळजवळ काहीच करत नाही.

दुसरा पिवळेपणा सगळ्या चादरीभर, कधी तांबूस ठिपक्यांचा. तो पाण्यातल्या लोहाचा, बोअरच्या पाण्यात जास्त सापडतो. इथे क्लोरिनचं ब्लीच टाकलं की काम बिघडतं, विरघळलेलं लोह गंज होऊन धाग्यावरच बसतं आणि चादर पूर्वीपेक्षा पिवळी होते. बादलीभर पाणी उघड्यावर रात्रभर ठेवा. तळाशी तांबूस गाळ बसला तर ओळखा. गाळून घेतलेलं किंवा टाकीत निवळलेलं पाणी वापरा, शक्य तर चादरी विहिरीच्या किंवा पावसाच्या पाण्यात धुवा. पडलेले डाग काढायला लिटरभर गरम पाण्यात 10 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूफूल, अर्धा तास. मग दोन-तीन वेळा स्वच्छ खळबळा, कारण आम्ल राहून वाळलं की सूत कमजोर होतं. लिंबूफूल आणि क्लोरिन ब्लीच एकत्र कधीही नाही, विषारी वायू सुटतो. ब्लीचच्या बादलीत लगेच लिंबूफूल घालणं हेही त्यातच आलं.

निळीने चादर पांढरी दिसते, स्वच्छ होत नाही. शेवटच्या पाण्यात दोन थेंब, आधी पाण्यात नीट ढवळून. थेट चादरीवर पडली तर ढग राहतात.

इस्त्रीचं: पिळणं कमी फेऱ्यांवर ठेवा, बाहेर काढल्या काढल्या दोघांनी चार कोपरे धरून जोरात झटका आणि ओढून सरळ करा. दोन समांतर दोऱ्यांवर पसरा, मध्ये हवा जायला हवी, एकाच दोरीवर दुहेरी टाकली तर वाळायला खूप जास्त वेळ लागतो. किंचित ओलसर असताना काढून हाताने दाबत घडी घाला, मग घडी मोडून तासभर पुन्हा हवेवर. असं केलं तर पलंगावर ताणून खोचल्यावर इस्त्रीची उणीव फारशी दिसत नाही. अभ्र्यांना मात्र इस्त्री करा, पाहुण्याची नजर आधी तिथेच जाते.

शिवणटिपण

पट्टीचं पटलं, दीड इंच चालेल. मग कापायची लांबी 114 इंचांवर येते, तरी तुकडे 3 मीटरचेच ठेवा.

अजून एक. चादरी चार-चारच्या गटाने वापरात जातात आणि काही दिवसांत कुठली जुनी, कुठली नवी कळत नाही. मग दोनच चादरी सतत धुतल्या जातात. पायाकडच्या पट्टीत उजव्या कोपऱ्यात खोलीनिहाय रंगीत दोऱ्याचे टाके घाला, पहिल्या चादरीला एक, चौथीला चार. दोरा पक्क्या रंगाचा हवा, म्हणून आधी तो उकळत्या पाण्यात पांढऱ्या चिंधीबरोबर दहा मिनिटं ठेवून बघा. लाल आणि मरून टाळाच.

खाडीकाठ

दुसरा नमुना धुऊन तोलला. 140 चा 121 झाला, आयोडिनचा थेंबही काळानिळा. पिक मोजले, तीन जागी 25, 26, 25 प्रति सेंटिमीटर, म्हणजे 64-65. 72 नाहीतच. 110×90 कुणाकडे 108 पन्ह्यात आहे का ते विचारतोय. मिळाल्यावर फाडलेल्या कडेचा फोटो टाकतो.

ताणाबाणा

फोटोत काठ दिसू द्या आणि फुटपट्टी दोन्ही बाजूंना ठेवा. आणि तागा पूर्ण उलगडून उजेडासमोर धरून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. सुटलेला ताणा उभ्या बारीक रेघेसारखा दिसतो आणि तो बरेचदा ताग्यात मीटरच्या मीटर तसाच गेलेला असतो. काठापासून चार-पाच इंचांत असेल तर खोचण्यात जाईल, भाव पाडून घ्या. मध्यावर असेल तर तागा परत.